परसातला चंद्रोदय

तारा तारेवर होता तोवर सगळं ठीक होतं.

लहान दुर्बिणीच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्याइतक्या बारीक दोन तारा ताणून बसवलेल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी. कृत्तिकांमधला सगळ्यांत तेजस्वी तारा मला त्यांच्या फुलीवर धरून ठेवायचा होता. तो जरा डावीकडे सरकला की मांडीवरच्या डबीचं एक बटण दाबायचं, उजवीकडे सरकला की दुसरं. ही लहान दुर्बीण मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेली होती. मोठीला कॅमेरा जोडलेला, त्याचं शटर उघडं आणि आत फिल्म. पुढचा अर्धा तास माझी नजर हलली किंवा बटण चुकलं, तर फिल्मवर ताऱ्यांऐवजी अळ्या उमटणार होत्या.

त्या काळी तारकागुच्छाचा फोटो असाच काढावा लागे. आता माझ्या विद्यार्थिनी हे काम संगणकावर सोपवून चहा प्यायला जातात.

स्वयंपाकघराचं दार करकरलं आणि परसात उजेडाची पट्टी पडली. मी डोळा न हलवता म्हटलं, "भाऊजी, दार लोटून घ्या."

"वैनी, अजून किती वेळ?"

"आत्ताच सुरू केलंय."

उत्तमभाऊजींनी दार लोटलं, पण ते आत गेले नाहीत. अंधारात उभे राहून खिशातली किल्ली वाजवत राहिले. चार दिवस त्यांचं हेच चाललं होतं. टीव्ही लावायचे, बंद करायचे, ओट्यावर जाऊन बसायचे, परत यायचे. सेलमला दिवसभर भट्टीपुढं बसणाऱ्या माणसाला विट्यात वेळ कसा घालवायचा ते कळत नव्हतं. शिवाय ते ज्या कामाला आले होते ते त्यांनाही फारसं आवडत नसावं.

आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एखादा तरी पुरुष गलाईच्या धंद्यात असतो. म्हणजे जुनं सोनं-चांदी मुशीत घालून वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं. त्यासाठी आमची माणसं देशभर पसरलेली. माझे पती जयवंत आणि धाकटे दीर उत्तम यांचं दुकान सेलमला होतं. उत्तमभाऊजींची बायको आणि मुलं तिकडेच. विट्याच्या घरात सासूबाई आणि मी. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. मी इथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि त्याच विषयात एम.फिल. करत होते. जयवंत वर्षातून दोनदा यायचे, सुट्टीत मी तिकडे जायची. असं सात वर्षं चाललं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

डिसेंबरात आत्ती धुण्याच्या दगडापाशी चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी तपासून मधुमेह सांगितला, गोळ्या दिल्या, वेळेवर जेवायला सांगितलं आणि उपास पूर्ण बंद केले. जयवंतांना फोनवर कळलं तेव्हा त्यांनी एकच वाक्य ऐकलं असावं, आई पडली. बायको दिवसभर कॉलेजात, आई घरात एकटी, पुन्हा पडली तर कोण बघणार. म्हणून उत्तमभाऊजी मिरजेहून सुटणाऱ्या गाडीची तीन तिकिटं घेऊन आले होते. चार दिवस आईकडे नीट बघायचं, बरी वाटली तर तिकिटं रद्द करायची, नाही तर घराला कुलूप लावून तिला घेऊन यायचं, असं त्यांचं दोघा भावांचं ठरलं होतं. गाडी उद्या संध्याकाळची होती आणि निर्णय आज रात्री जयवंतांचा फोन येईल तेव्हा व्हायचा होता.

तिसरं तिकीट माझं. त्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. आत्ती गेल्यावर मी त्या घरात एकटीनं राहायचं, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मी दुर्बीण कुठं ठेवायची याचा विचार करत होते आणि सेलमला दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत तिला जागा नाही, या उत्तराशी येऊन थांबत होते. आकाशही नव्हतं. समोर इमारत आणि वर तेजाबाचा पिवळट धूर. आत्ती एकदा महिनाभर तिथं राहून आल्या होत्या. आल्यावर म्हणाल्या होत्या की खिडकी उघडली तर खोकला येतो आणि मिटली तर रडू.

कृत्तिकांचे निळ्या काचेतून घेतलेले फोटो माझ्याकडे तयार होते. पिवळ्या काचेतून घ्यायचा राहिला होता. गुच्छातले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे त्यांतला कुठला खरोखर तेजस्वी आणि कुठला खरोखर मंद ते दोन रंगांतल्या फोटोंवरून मोजता येतं. माझा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. पण भाऊजी आले तेव्हा पौर्णिमा होती आणि तेव्हापासून रोज चंद्र दिवेलागणीच्या सुमारास उगवून आभाळ पांढरं करून टाकत होता. आज चतुर्थी. अंधार पडल्यापासून चंद्र उगवेपर्यंत पहिल्यांदाच पुरेसा वेळ मिळत होता. उद्या जायचं झालं तर पहिला आणि शेवटचाही.

सकाळी आत्तींनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, आज चंद्र कधी उगवणार. मी सांगितलं की कॅलेंडरात नऊ वाजून सहा मिनिटं दिलीत, पण ती वेळ मुंबईची. विटा मुंबईच्या पूर्वेला, म्हणून इथं सहा-सात मिनिटं आधी. मात्र आपल्या पूर्वेला डोंगर आहे, त्याच्या वर यायला दहा मिनिटं लागतील. भाऊजी हसले. म्हणाले, वैनींना वेळ विचारली तर घड्याळ कसं बनवतात ते सांगतील. मग हसू आवरून त्यांनी आईकडं पाहिलं आणि तुला चंद्र कशाला हवा, असं विचारलं. आत्ती म्हणाल्या, मला कशाला, शैलाला फोटू काढायचाय न्हवं, तिच्यासाठी विचारलं.

"आई कुठाय?" भाऊजींनी आत्ता अंधारात विचारलं.

"मी हितं हाय," माझ्या मागून आत्तींचा आवाज आला. त्या खुर्ची घेऊन केव्हा येऊन बसल्या ते मला कळलं नव्हतं. शाल गुंडाळून, मांडीवर काहीतरी झाकलेलं ताट घेऊन. मला वाटलं शेंगा असतील. त्या कधी कधी अशा येऊन बसायच्या आणि मला शेंगा सोलून द्यायच्या.

"थंडीत कशाला बसलीस?"

"शैला एकटीच हाय म्हणून बसली. तू जा, तुझं ते टीव्हीवरचं बघ."

भाऊजी आत गेले. पुन्हा दार, पुन्हा उजेडाची पट्टी, पुन्हा अंधार. तारा उजवीकडे सरकला होता, मी तो जागेवर आणला. रस्त्यावरून एक टेंपो गेला आणि फुलीवरचा तारा थरथरला. वीज नीट नव्हती. दाब कमी झाला की दुर्बीण ताऱ्यामागं फिरवणाऱ्या मोटारीचा सूर उतरायचा आणि तारा मागं पडायचा. मी मोटारीच्या आवाजाकडं एक कान लावून बसले होते. आतून बातम्यांचा आवाज येत होता. बातम्या संपल्या की फोन.

"आला का गं?" आत्ती म्हणाल्या.

"कोण?"

"चंद्र."

"नाही, आत्ती. अजून पाऊण तास आहे."

"बरं."

थोडा वेळ गेला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, जणू पहिल्यांदाच विचारत होत्या. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्या म्हणाल्या, म्हस दावणीला न्हाई, सुटली वाटतं. म्हैस माझ्या लग्नाच्या आधीच विकलेली होती. मला वाटलं बसल्या बसल्या डोळा लागला असेल. मी हसून झोप लागली का विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला झोपू? तूच झोप. मोठी आलीस."

माझ्याशी त्या कधी अशा बोलल्या नव्हत्या. रागावल्या तर त्या गप्प बसायच्या, तोडून बोलायच्या नाहीत.

मी डोळा तसाच ठेवला आणि डावा हात मागं नेला. त्यांचा हात सापडला. तो ओला होता. जानेवारीची थंडी, माझ्या अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, दुर्बिणीच्या नळीवर दव, आणि आत्तींचा तळवा घामानं थबथबला होता. बोटं बारीक कापत होती.

माझा हात त्यांच्या मांडीवरच्या ताटावर गेला. फडक्याखाली लहान वाटी, फूल, कुंकवाचा करंडा, दुर्वांची जुडी आणि गुळाचे दोन खडे.

शेंगा नव्हत्या. पूजेचं ताट होतं. आज संकष्टी होती.

मग बाकीचं एका क्षणात जुळलं. दुपारी त्या मला म्हणाल्या होत्या, मी उत्तमबरूबर जेवती, तू जेवून घे. भाऊजींना म्हणाल्या असणार, मी शैलाबरूबर जेवली. आम्ही दोघंही निश्चिंत. गोळ्या मात्र भाऊजींनी स्वतःच्या हातानं दिल्या होत्या, सकाळची आणि संध्याकाळची, पाण्याचा पेला घेऊन समोर उभं राहून. साखर उतरवणारी गोळी पोटात आणि सकाळपासून पोटात दुसरं काही नाही.

मी डोळा काढला. तारा कुठं गेला ते पाहिलं नाही. खाली बसून त्यांच्यापुढं गुळाचा खडा धरला आणि म्हटलं, "आत्ती, हा तोंडात टाका."

त्यांनी ओठ मिटून मान वळवली.

"आत्ती, तुमची साखर उतरलीय. तुम्हाला काय होतंय ते तुम्हाला कळत नाहीये. एवढं खा."

"चंद्र आल्याबिगर न्हाई."

मी खडा ओठांपाशी नेला तर त्यांनी हातावर फटका मारला. गूळ अंधारात कुठं पडला कुणास ठाऊक. एक खडा उरला. त्यांचा श्वास जोरात चालला होता आणि त्या काहीतरी पुटपुटत होत्या, त्यात म्हैस होती, जयवंतांचं नाव होतं.

हाक तोंडापर्यंत आली होती. भाऊजी दाराच्या आत होते. दोघांनी धरलं असतं तर त्यांच्या तोंडात साखर घालता आली असती. आणि मग फोन वाजला असता, आणि जे घडलं ते भाऊजींनी जयवंतांना सांगितलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. आत्तींचं घर, माझं कॉलेज, डोक्यावरचं हे आभाळ, सगळं त्या एका हाकेत जाणार होतं. मी ठरवलं, एकदाच काहीतरी करून बघायचं. जमलं नाही तर त्याच क्षणी हाक मारायची.

पूर्वेला पाहिलं. डोंगराची कड काळीच होती.

माझा हात लहान दुर्बिणीच्या चाकावर गेला. ते चाक फिरवलं की भिंग मागंपुढं होतं. नेहमी मी ते केसभर फिरवते, तारा टाचणीच्या टोकासारखा व्हावा म्हणून. आता उलटं फिरवत गेले. टोकाचा वाटाणा झाला, वाटाण्याचा रुपया झाला. शेवटी फिकट, गोल, गुळगुळीत अशी उजेडाची चकती भिंगात तरंगू लागली. दोन तारांची काळी फुली तिच्यावरून गेलेली दिसत होती. तिला इलाज नव्हता.

"आत्ती," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात असतो तसाच होता. "चंद्र आला. डोंगराआड आहे, पण दुर्बिणीतून दिसतोय. या, बघा."

त्या उठल्या. त्यांचं सगळं ओझं माझ्या दंडावर आलं. मी त्यांना माझ्या स्टुलावर बसवलं, ताट पुन्हा मांडीवर दिलं. दुर्बीण सरळ वर रोखलेली होती, पण मागं काटकोनात आरसा लावलेला असल्यामुळे डोळा आडवाच लावता यायचा. मी मागून त्यांचं डोकं धरलं. त्यांचं कपाळ भिंगाला टेकलं, सगळी दुर्बीण हलली. आत मोटार आपली फिरत होती आणि उघड्या शटरातून हे सगळं फिल्मवर उमटत होतं.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या मानेवरची नाडी बोटांखाली मोजत होते. दहापर्यंत मोजायचं आणि हाक मारायची असं मी मनाशी म्हटलं होतं, आणि दहा होऊन गेले होते.

त्यांनी डोळा काढला. माझ्याकडं पाहिलं नाही. ताटातलं फूल उचलून दुर्बिणीच्या नळीवर वाहिलं, कापऱ्या बोटानं कुंकू लावलं, हात जोडले. मग तळहात माझ्यापुढं पसरला. मी उरलेला गुळाचा खडा त्यावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला.

त्यांना परत खुर्चीत बसवून मी साखरेचं पाणी आणायला आत धावले. घाईत पेला ओट्यावरून पडला आणि भाऊजी बाहेर आले. अंधारात डोळे दिपू नयेत म्हणून त्यांच्या बॅटरीला मी लाल कागद बांधून दिला होता, तो त्यांनी ओरबाडून काढला. परसात पांढराशुभ्र उजेड पसरला. खुर्चीत घामानं भिजलेल्या आत्ती, तोंडात गूळ, मांडीवर संकष्टीचं ताट, दुर्बिणीला कुंकू. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पेला माझ्या हातून घेतला आणि आईला घोट घोट पाजला. मग तिला उचलल्यासारखं करून आत नेऊन पलंगावर बसवलं. मी भाकरी कुस्करून त्यात दूध घातलं. आत्तींनी ते सगळं खाल्लं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर त्यांचं भान परत आलं.

भाऊजींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि आवाज खाली आणून नेमकं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं, न जेवल्याचं, म्हशीचं. चंद्र उगवलेला नव्हता आणि मी एक तारा मोठा करून दाखवला, तेही सांगितलं.

"मला वाटलं, तुम्ही झाकाल," ते म्हणाले.

"मलाही वाटलं होतं."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. तेजाबानं पिवळी पडलेली बोटांची टोकं एकमेकांवर घासत राहिले. मग म्हणाले, उद्याचं ठरलंच म्हणायचं. मी मान हलवली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"उत्तम, हिकडं ये," आत्तींनी आतून हाक मारली. "तूबी ये, शैला."

आम्ही दोघं जाऊन उभे राहिलो. आत्ती भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. आवाज थकलेला होता, पण शब्द जागच्या जागी पडत होते. त्या म्हणाल्या की मागच्या महिन्यात दगडापाशी पडल्या तो दिवसही संकष्टीचाच होता. मी मनात दिवस मागं मोजले. बरोबर होतं. चंद्र कुठल्या दिवशी किती वाजता उगवतो ते मी महिनोन् महिने आधी काढून ठेवायची, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हंजे माझं दुखणं काय वाढलं न्हाई," त्या म्हणाल्या. "उपासानं पडली मी. तवाबी आन् आजबी."

"मग सोड की उपास," भाऊजी म्हणाले. "डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"डॉक्टरनं सांगितलंय. आता तू सांग."

भाऊजी खिशातली किल्ली वाजवू लागले.

त्यांना ते म्हणणं का जड जात होतं ते मला हळूहळू कळत गेलं. दुकान नवीन होतं त्या वर्षी तेजाबाची बरणी फुटून जयवंतांचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हा आत्तींनी संकष्टी धरली, अन्नाचा कणही न घेता, चंद्र दिसेपर्यंत. त्यानंतर दुकानात कधी काही झालं नाही. आसपासच्या दुकानांत झालं. आटपाडीच्या एका पोराचा डोळा गेला, एकाचं दुकानच जळलं. आमच्या दोघांना नखाएवढी इजा नाही. दर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन यायचा. ते इकडचं तिकडचं बोलायचे आणि ठेवता ठेवता विचारायचे, काल चंद्र किती वाजता दिसला. मला वाटायचं, मला आकाशातलं कळतं म्हणून माझ्याशी बोलायला विषय काढतात.

"तुम्ही दोघं तिकडं आगीसमोर बसताय," आत्ती म्हणाल्या. "हितं बसून मी दुसरं काय करू शकती? तेवढंच माझ्या हातात हुतं. आता तुझ्या तोंडानं म्हण, आई सोड. म्हणलास तर मी गोळ्या घेती, दोन येळेला जेवती आन् ह्याच घरात ऱ्हाती. न्हाई म्हणलास तर उद्या तुझ्यासंगं येती आन् तितं उपास धरती. कसं करायचं ते तू सांग."

टीव्हीवर कुणीतरी हवामान सांगत होतं. मी जाऊन तो बंद केला. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले, खालच्या फरशीकडं बघत. मला वाटलं आता ते मला विचारतील, वैनी, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा यात काही असतं का. माझं उत्तर तयार होतं. त्यांनी विचारलं नाही. ते उत्तर त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

फोन वाजला.

वाजत राहिला. आमच्याकडची घंटा कर्कश होती, तिनं सगळं घर भरून जायचं. आत्ती मुलाकडं बघत होत्या. भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"सोड," ते म्हणाले. घंटेत ते बुडालं म्हणून पुन्हा एकदा, घंटेच्या वर जाईल असं म्हणाले, "सोड, आई."

मग उठून त्यांनी फोन घेतला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. आईचं सगळं सांगितलं त्यांनी, काही लपवलं नाही. कारण सापडलंय म्हणाले. बराच वेळ पलीकडचं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तिकिटं रद्द करतो. दोन."

मी परसात गेले आणि शटर बंद केलं. मघापासून ते उघडंच होतं. पुढं फिल्म धुतली तेव्हा तिच्यात प्रत्येक ताऱ्याला एक वेडंवाकडं शेपूट होतं, आणि पुण्याला माझ्या मार्गदर्शकांनी हे काय म्हणून विचारल्यावर मी वारा होता असं सांगितलं. पिवळ्या काचेतला फोटो मी पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतला. तो चांगला आला.

डोंगराच्या कडेला उजेड धरला होता. आत्ती भाऊजींच्या दंडाला धरून बाहेर आल्या. चंद्र वर आला, एका बाजूनं थोडा झिजलेला. त्यांनी पाण्याचं अर्घ्य दिलं आणि हात जोडले. भाऊजींनीही जोडले. आत्तींचे हात खाली आले तरी भाऊजींचे जोडलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी एकटेच मिरजेच्या एसटीत बसले. त्यांना पोचवून मी परत आले तेव्हा आत्ती परसात ओल्या फडक्यानं दुर्बिणीचं कुंकू पुसत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, घासलं तर रंग जाईल. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि नळीच्या तोंडात डोकावून बघितलं.

"काल त्यात काय दावलंस गं?"

मी सांगितलं, तारा. चाक फिरवलं की तो गोल आणि मोठा दिसतो.

"मलाबी वाटलंच. चंद्राला उभी-आडवी रेघ असती व्हय? आन् तो काय डोक्यावर उगवतो?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मला म्हस दिसत हुती का न्हाई ते ठावं न्हाई. पर एवढं कळलं."

"मग गूळ का खाल्लात?"

आत्तींनी फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"सात वर्सं झाली तू ह्या घरात येऊन. आभाळातलं काय बी इचारलं तर तू मिनिटाचा फरक पडू देत न्हाईस. एकदा संकष्टीला ढग आलं हुतं, पोटात आग पडलेली, मी म्हणलं, आला म्हण गं, जेवू दे मला. तर म्हणालीस, आत्ती, अजून पाच मिनिटं हायत." त्या खुर्चीत बसल्या. "तीच तू काल माझ्या तोंडावर खोटं बोलायला लागलीस म्हणल्यावर मी वळखलं, आता आपलं काय खरं न्हाई."